ठिपक्यांच्या गर्दीतला आकार

गटसरासरी आलेख दोन राशींमधला संबंध एका नजरेत दाखवतो. तो काढण्याची रीत थोडक्यात सांगता येते. आधी एका राशीनुसार सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावायच्या आणि त्यांचे काही गट पाडायचे. मग प्रत्येक गटात दोन्ही राशींची सरासरी काढून गटामागे एकच ठिपका कागदावर मांडायचा. पाच हजार नोंदींचे वीस गट पाडले तर त्यांच्या जागी वीस ठिपके उरतात आणि एक राशी वाढत गेली की दुसरी काय करते, हे त्या विसांतून दिसते. हेच काम विखुरण आलेखानेही करता येते. त्यात प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र ठिपका असतो आणि नोंदी थोड्या असतील तेव्हा तोच उत्तम. पण नोंदी हजारांच्या घरात गेल्या की ठिपके एकमेकांवर चढतात, कागदावर नुसता काळा पट्टा उरतो आणि त्यातून वळण ओळखणे कठीण होते.

पालघर तालुक्यातील माकुणसार हे सफाळे आणि केळवे यांच्या दरम्यानचे, खाडीकाठचे गाव. या पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यामागचे कारण जमिनीखाली असते. पावसाचे गोडे पाणी मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. खारे पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड असते. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीखाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. हाच हिशेब उलट्या बाजूनेही लागू होतो. उपसा वाढून वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा तत्त्वतः वीस मीटर वर सरकते. म्हणून अशा गावात विहीर खाडीपासून किती दूर आहे आणि तिच्या पाण्यात किती क्षार आहेत, या दोन राशींचा संबंध थेट रोजच्या पाण्याशी आणि वाडीतल्या झाडांशी येऊन भिडतो.

समजा, अशा गावातील बारा विहिरींचे पाणी मे महिन्यात तपासले. पुढील आकडे पद्धत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत, प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत. अंतर मीटरमध्ये आहे. विरघळलेले क्षार, ज्यांना पाणी तपासणारे टीडीएस म्हणतात, ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण ५००पर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतले जाते.

खाडीला सर्वांत जवळच्या तीन विहिरी ८०, १२० आणि १६० मीटरवर आहेत. त्यांतील क्षार अनुक्रमे २९००, १४०० आणि २३००. पुढच्या तीन २२०, ३०० आणि ३८० मीटरवर. क्षार १९००, १०५० आणि १५५०. त्यानंतरच्या तीन ४८०, ६०० आणि ७८० मीटरवर. क्षार ७००, १२५० आणि ६००. शेवटच्या तीन ९००, १२०० आणि १८०० मीटरवर. क्षार ६४०, ९०० आणि ५६०.

बाराही ठिपके कागदावर मांडले तर उतार जाणवतो, पण तो खालीवर होत जातो. ८० मीटरवर २९००, लगेच १२० मीटरवर १४००, पुन्हा १६० मीटरवर २३००. आता तीन-तीन विहिरींचा एक गट धरून सरासरी काढली की चार ठिपके मिळतात: १२० मीटरला २२००, ३०० मीटरला १५००, ६२० मीटरला ८५० आणि १३०० मीटरला ७००. पहिल्या दोन ठिपक्यांमध्ये दर मीटरला जवळजवळ चार मिलिग्रॅम क्षार कमी होतात, पुढच्या टप्प्यात दोन, आणि शेवटच्या टप्प्यात सुमारे साडेचार मीटर चालावे तेव्हा कुठे एक मिलिग्रॅम कमी होतो. क्षार आधी झपाट्याने उतरतात आणि मग जवळजवळ स्थिरावतात.

याच बारा नोंदींतून लघुतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा काढली, तर ती सुमारे १९०० वर सुरू होते आणि मीटरमागे एक मिलिग्रॅम उतरते. खाडीपासून १२० मीटरवर ती १७७७ दाखवते, तर त्या गटाची सरासरी २२०० आहे. १८०० मीटरवरच्या विहिरीत ती केवळ १०० क्षार दाखवते, प्रत्यक्षात तिथे ५६० आहेत. आणि दोन किलोमीटरवर तर रेषेच्या मते क्षार शून्याच्याही खाली जायला हवेत. रेषेचे गणित चुकलेले नाही. संबंध सरळ आहे, हे गृहीत तिच्या रचनेतच आहे, आणि माहितीत ते खरे नसले तरी रेषा ते सांगत नाही. गटसरासरी असे कुठलेही गृहीत धरत नाही. प्रत्येक गट आपापल्या जागेपुरते बोलतो, म्हणून वळण असेल तर वळण दिसते. या पद्धतीची सगळी ताकद एवढ्या एका गोष्टीत आहे.

वळण किती दूरवर जाऊ शकते, याचे उत्तम उदाहरण त्याच खाडीत दिवसातून दोनदा येते. भरतीची उंची तिथीनुसार बदलते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, खरे तर एक-दोन दिवस उशिराने, उधाण येते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तेव्हा पाणी फार चढत नाही. वर्षभराच्या भरत्यांची उंची तिथीनुसार गटांत टाकली आणि शुक्ल प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा सरासऱ्या मांडल्या, तर ठिपके वरून खाली येतात आणि पुन्हा वर चढतात. संबंध इतका पक्का आहे की मासेमार त्यावर होडी काढायची वेळ ठरवतात. तरीही तिथीचा आकडा आणि भरतीची उंची यांचा सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन राशी एका सरळ रेषेत किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढला, तर तो संबंध कमकुवत असल्याचे दाखवतो. उतरणारी बाजू चढणारी बाजू बरीचशी खोडून टाकते. तो आकडा पाहून ‘तिथीचा भरतीशी फारसा संबंध नाही’ असे कोणी लिहिले, तर किनाऱ्यावर त्याला कोणी खरे मानणार नाही. पूर्ण भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याचा कोकणातला हिशेबही याच जातीचा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अगणित भरत्या तिथीच्या गटांत बसवून काढलेले हे सार आहे, फक्त ते कागदावर न मांडता तोंडी राहिले.

तिथी हे आयते गट आहेत. जिथे असे गट मिळत नाहीत तिथे ते पाडावे लागतात, आणि पाडायचे कसे यावर आलेखाचे बरेच काही अवलंबून असते. शाळेत शिकवले जाणारे वर्गांतर समान रुंदीचे असते. विहिरींच्या उदाहरणात ४५० मीटरचा एक वर्ग धरला तर पहिल्या वर्गात सहा विहिरी येतात आणि शेवटच्यात एकच, १८०० मीटरवरची. ती एक विहीर एखाद्या नाल्याकाठी असली तर शेवटचा ठिपका सगळ्या आलेखाचे शेपूट वाकडे करील. म्हणून सहसा समान संख्येचे गट पाडतात. वर तीन-तीन विहिरींचे पाडले तसे. प्रत्येक ठिपक्यामागे तेवढ्याच नोंदी असल्याने त्यांचा भरवसा साधारण सारखा राहतो आणि दाट वस्तीच्या भागात गट आपोआप अरुंद होतात. दुसरी एक बारीक गोष्ट हमखास चुकते. ठिपका गटाच्या मध्यबिंदूवर न मांडता गटातील नोंदींच्या सरासरीवर मांडायचा असतो. शेवटचा गट ९०० ते १८०० मीटरचा आहे. त्याचा मध्य १३५०, पण तिथल्या विहिरींचे सरासरी अंतर १३००. इथे फरक थोडा आहे. उत्पन्नासारख्या राशीत, जिथे वरच्या गटाचे शेवटचे टोक फार लांब असते, तो प्रचंड होतो.

या रीतीचा इतिहास किमान सव्वाशे वर्षे मागे जातो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीची माहिती प्रसिद्ध केली. स्त्रियांची उंची १.०८ने गुणून पुरुषांच्या मापात आणली, आईवडिलांची मिळून सरासरी काढली, तिच्यानुसार गट पाडले आणि प्रत्येक गटातील अपत्यांच्या उंचीचा मध्यक पाहिला. उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच होती, पण आईबापांइतकी नव्हती. सरासरीपासूनचे त्यांचे अंतर साधारण दोन तृतीयांश उरले होते. ज्याला आज समाश्रयण (रिग्रेशन) म्हणतात, त्या शाखेचा जन्म या गटवार मांडणीतून झाला. पुढे १९६१ साली जॉन ट्युकी यांनी गटसरासरीच्या पायऱ्यांच्या आलेखाला रिग्रेसोग्राम असे नाव दिले.

त्याच्या एक वर्ष आधी, १९६० साली, भारतात या पद्धतीला एक वेगळीच धार आली होती. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात फ्रॅक्टाइल ग्राफिकल ॲनालिसिस ही पद्धत मांडली. राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरातील कुटुंबांच्या खर्चाचे आकडे जमा होत होते. प्रश्न असा होता की दोन वेगळ्या वर्षांची किंवा दोन वेगळ्या राज्यांची तुलना करायची कशी? रुपयाची किंमत दोन्हीकडे सारखी नसते. महालनोबिस यांनी रुपये बाजूला ठेवून क्रम धरला. दरडोई खर्चानुसार कुटुंबे गरिबापासून श्रीमंतापर्यंत लावायची, समान संख्येचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाच्या सरासरीचा ठिपका मांडायचा. मग तळाच्या दहा टक्क्यांची तुलना तळाच्याच दहा टक्क्यांशी होते, भाव काहीही असोत. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि पद्धतीचा खरा मोठेपणा तीत आहे. नमुना दोन स्वतंत्र भागांत गोळा केलेला असे. त्या दोन भागांचे दोन वेगळे आलेख एकाच कागदावर काढायचे. दोन रेषांमध्ये जेवढी जागा उरते तेवढी नमुन्याची चूक. संख्याशास्त्राचे एक अक्षर न शिकलेल्या वाचकालाही ती जागा डोळ्यांनी दिसते. आज कोणत्याही अहवालातील गुळगुळीत आलेख पाहताना ही दुसरी रेषा कुठे आहे, असे विचारावेसे वाटते.

महाराष्ट्रात गटसरासरीचा सर्वांत मोठा परिणाम झालेले काम १९७१ साली पुण्यात झाले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या अभ्यासात प्रश्न होता, किती खर्च करणारा माणूस गरीब मानायचा? त्यांनी दिवसाला दरडोई २२५० कॅलरी ही किमान गरज धरली आणि राष्ट्रीय नमुना पाहणीतील १९६०-६१चे खर्चगट घेतले. गट वर सरकतो तशी त्यातील सरासरी कॅलरीही वाढते. ज्या खर्चाला सरासरी २२५०पर्यंत पोहोचते, ती गरिबीची सीमा. खेड्यांत ती दरडोई महिना साधारण १५ रुपये निघाली, शहरांत साडेबावीस. त्या हिशेबाने खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक सीमेखाली होते. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला कॅलरी, गटागटांची सरासरी, आणि एका ठरावीक उंचीवरून आडवी रेषा: देशातील गरिबीच्या चर्चेचा पाया या मांडणीने घातला.

त्या ठिपक्यांवर आक्षेप घेणारे अभ्यासकही पुढे पुण्यातूनच लिहीत होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला त्यांनी सांख्यिकी विभागाची जबाबदारी दीर्घकाळ सांभाळली होती. त्यांचे म्हणणे असे की २२५० ही सरासरी गरज आहे, प्रत्येकाची किमान गरज नव्हे. माणसामाणसांची गरज वेगळी असते. एकाच माणसाचे खाणेही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते. सरासरीलाच सीमा मानले तर पुरेसे खाणारे कितीतरी लोक उपाशी मोजले जातात. म्हणून सीमा सरासरीतून दोन प्रमाणित विचलने वजा करून धरावी. दांडेकरांनी याचा प्रतिवाद केला आणि १९८०च्या आसपास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये हा वाद रंगला. भुकेची व्याख्या कोणती घ्यावी हा वाद तिथे मिटला नाही, पण सुखात्मे यांच्या आक्षेपाचा गाभा आलेखाच्या भाषेत सरळ आहे. गटाचा ठिपका २२५०वर आहे, याचा अर्थ गटातील सगळे २२५०वर आहेत असा होत नाही. काही खूप वर असतात, काही खूप खाली, आणि ठिपका त्यांच्यातले अंतर गिळून टाकतो.

याच गिळण्याची झळ पालघरच्या भातशेतकऱ्यालाही बसते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्यात पीक कापणी प्रयोगांवरून ठरणारी भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर अवलंबून असते. मंडळातील निवडक शेतांत ठरावीक मापाचे चौकोन आखून भात कापतात, झोडतात, वजन करतात आणि सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तरच त्या मंडळाला भरपाई लागू होते. खाडीलगतचा बांध फुटून एखाद्याच्या खाजणात खारे पाणी शिरले आणि मंडळातील बाकीची शेते चांगली पिकली, तर मंडळाचा ठिपका उंबरठ्याच्या वरच राहतो. स्थानिक आपत्तीसाठी योजनेत वेगळी तरतूद केली गेली, ती या उणिवेपायीच. सुखात्मे यांचा या प्रयोगांशीही संबंध आहे. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवले की कापणीचा चौकोन जितका लहान, तितके हेक्टरी उत्पादन फुगून येते, कारण कडेची रोपे आत ओढली जातात आणि लहान चौकोनात कडेचा वाटा मोठा असतो. चौकोनाच्या मापानुसार गट पाडून सरासरी पाहिली नसती, तर प्रत्येक मोजणारा आपल्या चौकोनाचाच आकडा खरा मानत राहिला असता.

ठिपका पसरण गिळतो, त्यातून आणखी एक भ्रम तयार होतो: संबंध आहे त्यापेक्षा घट्ट वाटू लागतो. विहिरींच्या बारा नोंदींवरून अंतर आणि क्षार यांचा सहसंबंध गुणांक उणे ०.६९ येतो. त्याच नोंदींच्या चार सरासऱ्यांवरून काढला तर उणे ०.८६. पाणी तेच, विहिरी त्याच. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली याचे कुप्रसिद्ध झालेले उदाहरण दिले. १९३०च्या जनगणनेत कृष्णवर्णीय असणे आणि निरक्षर असणे यांचा व्यक्तींच्या पातळीवरचा सहसंबंध ०.२०३ होता. देशाच्या नऊ विभागांच्या सरासऱ्या घेतल्या की तोच ०.९४६ होतो. विभागांच्या आकड्यांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढणे किती घातक ठरू शकते, हे त्या दोन आकड्यांत आहे. अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अमेरिकेतील करनोंदींवरून पालकांचा उत्पन्नातील क्रमांक आणि मुलांचा मोठेपणीचा क्रमांक यांचा शंभर गटांचा आलेख प्रसिद्ध केला. शंभर ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसतात. पाहणाऱ्याला वाटते, बापाच्या उत्पन्नावरून मुलाचे भवितव्य सांगता येते. पण रेषेचा उतार ०.३४१ आहे, आणि दोन्ही बाजू क्रमांकांत मोजलेल्या असल्यामुळे व्यक्तींमधला सहसंबंधही जवळपास तेवढाच. म्हणजे मुलांच्या क्रमांकांतील एकूण चढउतारांपैकी जेमतेम बारा टक्के पालकांच्या क्रमांकाशी जोडता येतात. सरासरी कशी सरकते हे रेषा अचूक सांगते; एकेका मुलाबद्दल ती फार थोडे सांगते. दोन्ही विधाने एकाच आलेखातून येतात आणि दोन्ही खरी आहेत.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक ठिपक्याबरोबर त्याची अनिश्चितता दाखवायची. गटाचे प्रमाणित विचलन काढायचे, त्याला नोंदींच्या संख्येच्या वर्गमूळाने भागायचे आणि ठिपक्याच्या वरखाली तेवढी दांडी काढायची. खाडीलगतच्या तीन विहिरींचे प्रमाणित विचलन सुमारे ७५५ आहे, म्हणून २२००च्या ठिपक्याला वरखाली ४३६ची दांडी येते. तिसऱ्या गटाला २०२ची आणि शेवटच्या गटाला १०३ची. तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्यांत फरक आहे फक्त १५०चा. तेव्हा ६२० मीटरनंतर क्षार आणखी उतरतात, असे या बारा विहिरींवरून म्हणता येत नाही. चार ठिपके जोडणारी रेषा उतरतच असते, पण शेवटच्या टप्प्यातला तिचा उतार दांडीपुढे टिकत नाही.

गट किती असावेत, या प्रश्नावर पुष्कळ काळ सवयीनेच काम चालले. मायकेल स्टेपनर यांनी २०१३ साली स्टाटा या संगणकप्रणालीसाठी बिनस्कॅटर नावाची आज्ञा लिहिली, तीत काही सांगितले नाही तर वीस गट पडतात. म्हणून कितीतरी शोधनिबंधांत वीसच ठिपके दिसतात. गट फार थोडे असले तर एका गटातच वळण दडते. बाराही विहिरींचे दोनच गट केले असते, तर दोन ठिपक्यांतून नुसता उतार दिसला असता, स्थिरावणे दिसलेच नसते. गट फार जास्त असले तर प्रत्येकात नोंदी कमी उरतात आणि ठिपके पुन्हा वरखाली नाचू लागतात. मॅटियास कॅटानिओ, रिचर्ड क्रंप, मॅक्स फॅरेल आणि यिंगजी फेंग यांनी २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये या सगळ्या रीतीचे गणित नीट बसवले. नुसत्या सरासरीच्या ठिपक्यांसाठी गटांची योग्य संख्या नोंदींच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढते. नोंदी आठपट झाल्या की गट दुप्पट करायचे. सुरुवातीचा आकडा किती, हे माहितीच्या वळणावर आणि पसरणीवर ठरते.

सर्वांत अवघड भाग तिसऱ्या राशीचा. विहिरींच्या उदाहरणात आता एक गोष्ट मिळवू. समजा, ८०, १६०, २२०, ३८०, ६०० आणि १२०० मीटरवरच्या विहिरींना पंप आहेत, उरलेल्या सहा विहिरींतून पाणी हाताने काढतात. पहिल्या दोन गटांत प्रत्येकी दोन पंप पडतात, पुढच्या दोन गटांत एकेकच. म्हणजे खाडीजवळचा ठिपका वर आहे तो काही अंशी अंतरामुळे आणि काही अंशी उपशामुळे, आणि चार ठिपक्यांच्या आलेखात हे दोन वेगळे करण्याची सोय नाही. दोन प्रकारच्या विहिरींचे आलेख वेगळे काढले की चित्र उलगडते. पंपाच्या विहिरी दोन-दोनच्या गटांत घेतल्या तर सरासरी १२० मीटरला २६००, ३०० मीटरला १७२५ आणि ९०० मीटरला १०७५ येते. हाताने काढायच्या विहिरींची २१० मीटरला १२२५, ६३० मीटरला ६५० आणि १३५० मीटरला ६००. दुसऱ्या प्रकारच्या विहिरी सहाशे मीटरच्या पुढे स्थिरावतात, पहिल्या प्रकारच्या नऊशे मीटरवरही हजाराच्या वर आहेत. पहिल्या मांडणीत पहिल्या गटातील २९०० आणि १४०० यांमधला जो गोंधळ वाटत होता, त्याचे कारणही सापडते.

तिसरी राशी पंपासारखी दोनच प्रकारांची नसली, म्हणजे विहिरीची खोली, मातीचा प्रकार, भरतीची तिथी अशा अनेक राशी एकदम असल्या, तर वेगवेगळे आलेख काढणे जमत नाही. तेव्हा आधी प्रत्येक राशीतून या इतर राशींनी स्पष्ट होणारा भाग वजा करतात आणि उरलेल्या शेषांचे गट पाडतात. या वजाबाकीमागचे प्रमेय रॅग्नर फ्रिश आणि फ्रेडरिक वॉ यांनी १९३३ साली मांडले आणि मायकेल लव्हेल यांनी १९६३ साली विस्तारले. मात्र ते सरळ रेषेच्या संबंधासाठी आहे. संबंध वळणाचा असेल तर शेषांच्या गटांतून आलेला आलेख वळण सपाट करू शकतो किंवा भलतेच दाखवू शकतो, हे कॅटानिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. वळण पाहण्यासाठीच जो आलेख काढला, त्यात वळणच हरवावे हे नुकसान मोठे आहे. त्यांनी सुचवलेला मार्ग म्हणजे गट मूळ राशीवरच पाडायचे आणि गटांच्या सरासऱ्या व इतर राशींचा परिणाम एकाच समीकरणात एकत्र काढायचा. त्यांची बिन्सरेग ही प्रणाली स्टाटा, आर आणि पायथन या तिन्हींमध्ये विनामूल्य मिळते.

साध्या कामासाठी एवढ्याचीही गरज नसते. एक्सेलसारख्या तक्त्यात अंतराचा स्तंभ चढत्या क्रमाने लावायचा, शेजारच्या स्तंभात गटक्रमांक लिहायचा आणि पिव्हॉट टेबलने गटवार सरासरी, प्रमाणित विचलन व नोंदींची संख्या काढायची. शाळेतील मुलांना गावातल्या विहिरींवर टीडीएसमापक घेऊन हे एका दुपारी करता येते, फक्त मोजणीच्या दिवशी तिथी कोणती होती आणि विहिरीला पंप आहे का, हे दोन स्तंभ पहिल्यापासून ठेवावेत. आलेख छापताना मूळ नोंदींचे ठिपके फिक्या रंगात मागे ठेवायचे, सरासरीचे ठिपके गडद, प्रत्येकाला दांडी, आणि खाली गट कसे पाडले व एका गटात किती नोंदी आहेत हे एका ओळीत लिहायचे.